बेलिफ दारात आला तर कागद घ्या! तालुका कोर्टाचं ऑफिस समजून घेऊ या

‘नोटीस घेऊ नका. सही केली की अडकलात.’

मोहल्ल्यात कुणाच्या दारात कोर्टाचा बेलिफ आला की हा सल्ला देणारं कुणीतरी भेटतंच. देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण या एका सल्ल्यापायी न लढताच दावा गमावलेली घरं आम्ही पाहिली आहेत.

आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाचं असंच झालं. वडील वारल्यावर घराच्या जागेवरून चुलत भावांनी दावा लावला. बेलिफ दोनदा आला, दोन्ही वेळा घरच्यांनी ‘घरात कुणी पुरुष माणूस नाही’ म्हणून त्याला परत पाठवलं. पुढच्या वेळी त्याने समन्स दारावर डकवलं आणि दोन शेजाऱ्यांची नावं लिहून घेऊन तो निघून गेला. पोरांनी तो कागद फाडून टाकला. सगळ्यांना वाटलं, प्रकरण मिटलं. दीड वर्षाने कळलं की दाव्याचा निकाल एकतर्फी लागला आहे आणि आता दरखास्त, म्हणजे त्या निकालाची अंमलबजावणी, सुरू होणार आहे. यांच्याकडे कागदपत्रं होती, साक्षीदार होते, बाजूही भक्कम होती. फक्त कोर्टाला ती कधी दिसलीच नाही.

अशा वेळी आपण न्यायाधीशांना दोष देतो, नाहीतर नशिबाला. पण मधे आणखी एक जागा असते, तिच्याकडे आपलं लक्षच जात नाही. ती म्हणजे कोर्टाचं ऑफिस. खिडक्या, रजिस्टरं, फायलींचे गठ्ठे आणि त्यांच्यामागे बसलेले कारकून. आपल्या दाव्याचं बरंचसं आयुष्य न्यायाधीशांसमोर नाही, या ऑफिसात जातं. म्हणून या लेखात आम्ही मोठमोठ्या कायद्यांपेक्षा या ऑफिसबद्दलच बोलणार आहोत. ते कसं चालतं, तिथे काय मिळतं आणि कुठे आपण हमखास चुकतो.

निकाल न्यायाधीश देतात, फाईल ऑफिस सांभाळतं

पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कोर्टाच्या ऑफिसला माणूस दिसत नाही, कागद दिसतो. तुम्ही खरे आहात की खोटे, हे ठरवणं कारकुनाचं काम नाही. तुमचा अर्ज आला का, त्यावर तिकीट बरोबर लावलंय का, समोरच्याला समन्स पोचलं का, आज कोण हजर होतं, पुढची तारीख काय, एवढंच तिथे बघितलं जातं आणि लिहिलं जातं.

दिसायला हे किरकोळ काम आहे. पण न्यायाधीश जे वाचतात, ते याच फाईलमधलं असतं. फाईलमध्ये ‘समन्स लागू झाले, प्रतिवादी गैरहजर’ असा शेरा असेल, तर न्यायाधीशांसमोर तेवढंच सत्य आहे. तुम्ही घरी बसून कितीही कळवळून बोललात तरी ते फाईलमध्ये जात नाही.

आपल्या घरातल्या बुजुर्गांना या ऑफिसची भाषा तशी परकी नाही. दावा, वकील, अर्ज, नक्कल, कैफियत, हुकूमनामा, मुदत, तारीख, नाझर हे सगळे शब्द अरबी-फारसीतून मराठी कोर्टात आले आणि तिथेच मुरले. शिवाय १९९८ पासून महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका कोर्टांची भाषा मराठी आहे. म्हणजे अर्ज मराठीत देता येतो, साक्ष मराठीत देता येते. इंग्रजी येत नाही म्हणून घाबरण्याचं कारण नाही.

कोण कुठे बसतं?

तालुक्याच्या कोर्टात गेल्यावर आधी गोंधळायला होतं. म्हणून थोडक्यात ओळख करून घेऊ.

दावा किंवा अर्ज ज्या खिडकीवर दाखल होतो, तिथे कागद तपासले जातात. कोर्ट फी पुरेशी आहे का, प्रतिवादी जितके तितक्या प्रती जोडल्या आहेत का, पत्ते पूर्ण आहेत का, वकीलपत्र आहे का. काही कमी असेल तर ‘ऑब्जेक्शन’ निघतं. ऑब्जेक्शन म्हणजे दावा फेटाळला असं नव्हे. त्रुटी दूर केली की काम पुढे सरकतं. मात्र ती दूर करायला आपणच जावं लागतं.

ऑफिसवर देखरेख ठेवणाऱ्याला जुन्या बोलीत शिरस्तेदार म्हणतात. आता दारावरच्या पाटीवर सहायक अधीक्षक किंवा अधीक्षक असं लिहिलेलं दिसेल. एखाद्या खिडकीवर काम अडलं तर आधी यांना भेटायचं.

नाझर पैशाचा व्यवहार बघतात. कोर्टात भरलेली रक्कम, डिपॉझिट, पावत्या त्यांच्याकडे. बेलिफही त्यांच्याच हाताखाली काम करतात. कोर्टाने कुणाला पैसे जमा करायला सांगितले, की ती रक्कम नाझरांकडे जाते आणि हक्कदाराला अर्ज करून तिथूनच मिळते.

न्यायाधीशांच्या समोर, खाली बसलेला कारकून रोजनामा सांभाळतो. त्या तारखेला दाव्यात काय झालं, याची नोंद म्हणजे रोजनामा. आणि सगळ्यात महत्त्वाचा, नक्कल विभाग. त्याबद्दल पुढे सविस्तर बोलू.

समन्स आलं की ३० दिवस सुरू

आता पुन्हा दारातल्या बेलिफाकडे येऊ.

दिवाणी दाव्यात समन्स म्हणजे शिक्षा नव्हे, अटकही नव्हे. समन्स म्हणजे बोलावणं: ‘तुमच्याविरुद्ध असा दावा आला आहे, अमुक तारखेला या आणि तुमचं म्हणणं मांडा.’ कागद घेतला आणि सही केली, म्हणजे दावा कबूल केला असं अजिबात होत नाही. सहीचा अर्थ एवढाच, की कागद मिळाला.

उलट, नाकारला तर काय होतं? बेलिफ तो दारावर डकवतो, घर कुणी दाखवलं त्यांची नावं घेतो आणि तसा अहवाल कोर्टात देतो. पोस्टाने आलेलं समन्स ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत गेलं, तरी कायद्याने ते मिळालं असंच धरलं जातं. म्हणजे समन्स नाकारून दावा थांबत नाही. थांबतं ते फक्त आपलं बोलणं.

घरातला पुरुष बाहेरगावी आहे, आखातात नोकरीला आहे, लवकर घरी यायचा नाही, अशा वेळी सोबत राहणाऱ्या कुटुंबातल्या कोणत्याही सज्ञान माणसाकडे समन्स देता येतं. त्यात बायकाही आल्या. म्हणून अम्मीने किंवा भाभीने कागद घेतला तर त्यात काही चूक नाही. फक्त घेतल्या दिवशीच तारीख त्यावर पेनाने लिहून ठेवा आणि फोटो काढून ज्याच्या नावाचा कागद आहे त्याला पाठवा.

कारण मुदत त्या दिवसापासून मोजली जाते. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत, म्हणजे आपलं उत्तर, द्यायचं असतं. कारण पटलं तर कोर्ट ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकतं. त्यानंतरही कधी कधी दंड भरून कैफियत घेतली जाते, पण तो हक्क नाही, कोर्टाची मेहेरबानी आहे. तिच्यावर विसंबून राहू नका.

आणि एकतर्फी निकाल लागलाच असेल तर? दार पूर्ण बंद झालेलं नसतं. समन्स नीट लागूच झालं नव्हतं, किंवा हजर न राहण्याला खरोखर सबळ कारण होतं, तर निकाल रद्द करून दावा पुन्हा चालवण्यासाठी अर्ज करता येतो. त्याला मुदत ३० दिवसांची. समन्स लागू झालं नसेल तर निकाल कळल्यापासून, नाहीतर हुकूमनाम्याच्या तारखेपासून. वर सांगितलेल्या कुटुंबाचं अडलं ते इथेच. दारावर डकवलेला कागद आम्हाला दिसलाच नाही, असं त्यांना शेजाऱ्यांच्या नावांसमोर म्हणता येईना.

घरातलं माणूस गेलं तर: ९० दिवस आणि इद्दत

ही गोष्ट आपल्या घरांसाठी विशेष महत्त्वाची आहे आणि फार कमी लोकांना ठाऊक आहे.

समजा, वालिदांनी जमिनीचा दावा लावला होता. दावा चालू असताना त्यांचा इंतकाल झाला. आता दावा पुढे चालवायचा तर वारसांची नावं रेकॉर्डवर आणावी लागतात. त्यासाठी अर्ज करायची मुदत आहे मृत्यूपासून ९० दिवस. तेवढ्यात अर्ज आला नाही, तर त्यांच्यापुरता दावा आपोआप संपतो. न्यायाधीशांनी वेगळा हुकूम करावा लागत नाही.

दुसरीकडे, बेवा झालेल्या अम्मीची इद्दत चार महिने दहा दिवसांची. म्हणजे साधारण १३० दिवस. घरात सगळे म्हणतात, ‘आत्ता कोर्टाचं नको. इद्दत पुरी होऊ दे, मग बघू.’ दुःखाच्या घरात हे म्हणणं स्वाभाविक आहे. पण इद्दत पुरी होते तोवर कोर्टाचे ९० दिवस केव्हाच संपलेले असतात.

यातून मार्ग काय? सोपा आहे. एक, अर्ज सगळ्या वारसांनी मिळून कोर्टात जाऊनच करायला हवा असं नाही. एखाद्या मुलाने किंवा मुलीने तो करावा आणि बाकी सगळ्यांची नावं त्यात घालावीत. दोन, वकीलपत्रावरची सही घरी बसून होते, वकिलांचा माणूस कागद घेऊन घरी येऊ शकतो. तीन, रूढीप्रमाणे ज्या बायका चारचौघांत येत नाहीत, त्यांना कोर्टात जातीने हजर राहण्याची सक्ती करता येत नाही, असं दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३२ मध्येच लिहिलेलं आहे. त्यांची साक्ष लागलीच, तर कोर्ट कमिशन नेमून ती घरी नोंदवू शकतं. म्हणजे अम्मीला इद्दतीत उंबरा ओलांडावा न लागताही दावा जिवंत राहतो.

मुदत चुकलीच असेल, तर पुढच्या ६० दिवसांत तो संपलेला दावा पुन्हा उभा करण्यासाठी अर्ज करता येतो. त्याहून उशीर झाला तर उशीर माफ करण्याचा अर्जही जोडावा लागतो आणि कारण पटवावं लागतं. म्हणून घरात मौत झाली तर दफनविधीनंतरच्या आठवड्यातच कुणीतरी एकाने वकिलांना फोन करून ‘अब्बांचा दावा होता’ एवढं सांगून टाकावं. मृत्यूचा दाखला मिळाला की त्याची प्रत पोचवावी.

माणूस एक, नावं चार

आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत ही फार मोठी आहे. आधार कार्डावर ‘मोहम्मद’, सातबाऱ्यावर ‘महमद’, शाळेच्या दाखल्यावर ‘मोहंमद’ आणि बँकेत ‘एम.’ कुठे आडनाव ‘शेख’, तर कुठे गावातल्या कामावरून पडलेलं ‘मुल्ला’ नाहीतर ‘तांबोळी’. बायकांचं तर विचारूच नका. कुठे ‘बी’, कुठे ‘बेगम’, कुठे ‘बानो’, लग्नाआधी वडिलांचं नाव, लग्नानंतर नवऱ्याचं.

घरात आपल्याला माहीत असतं की हे सगळं एकच माणूस आहे. पण आपण वर म्हटलं तसं, ऑफिसला माणूस दिसत नाही. तिथे ही चार नावं म्हणजे चार माणसं. मग ऑब्जेक्शन, तारीख, पुन्हा प्रतिज्ञापत्र. आणि खरी अडचण निकालानंतर येते. हुकूमनाम्यात एक नाव आणि बँकेत दुसरं असेल, तर बँक पैसे देत नाही. मग दुरुस्तीसाठी पुन्हा कोर्ट.

उपाय सुरुवातीलाच करायचा. दावा किंवा अर्ज टाईप होण्याआधी घरातली सगळी कागदपत्रं समोर मांडा. जितक्या प्रकारे नाव लिहिलेलं आहे, तितके सगळे प्रकार ‘उर्फ’ घालून अर्जात येऊ द्या. टाईप झालेला अर्ज सही करण्यापूर्वी स्वतः वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या. आणि निकाहनामा किंवा जुनं खरेदीखत उर्दूत असेल तर त्याचं मराठी भाषांतर आधीच करून ठेवा.

वारसाचा दाखला आणि राहून गेलेली बहीण

वडील गेल्यावर बँकेतली ठेव किंवा शेअर मिळवायला कोर्टातून उत्तराधिकार प्रमाणपत्र लागू शकतं. ते १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखाली मिळतं आणि मुस्लिमांनाही लागू आहे. दुसरा कागद म्हणजे वारस दाखला. तो आपल्याकडे अजूनही १८२७ च्या मुंबई विनियमाखाली, म्हणजे जवळपास दोनशे वर्षं जुन्या नियमाखाली दिला जातो. कुठल्या कामाला कोणता कागद लागतो, हे आधी बँकेकडून लेखी विचारून घ्या. चुकीचा दाखला काढण्यात वर्ष वाया गेलेली माणसं आम्हाला भेटली आहेत.

अर्जात मयताच्या जवळच्या नातेवाइकांची नावं आणि पत्ते द्यावे लागतात. त्यांना नोटीस जाते, जाहीर नोटीस लागते, कुणाची हरकत असेल तर ती मांडायला वेळ दिला जातो. ऑफिस ही नोटीस कुणाला पाठवतं? अर्जात ज्यांची नावं आहेत त्यांना. ज्या बहिणीचं नाव अर्जात लिहिलंच नाही, ती ऑफिसच्या दृष्टीने जन्मालाच आलेली नाही.

आम्ही स्पष्टच बोलतो. हे चुकून कमी होतं आणि ठरवून जास्त. ‘तिचं लग्नात खूप केलं,’ ‘ती कशाला मागते आहे,’ असं म्हणत भाऊ अर्जात फक्त आपली नावं घालतात. शरीयतने मुलीचा हिस्सा ठरवून दिला आहे, मुलाच्या निम्मा का होईना, पण ठरलेला. बेवेला मुलं असतील तर आठवा हिस्सा, आईला सहावा. हे हिस्से मौतच्या क्षणी त्यांचे होतात. कुणी मागितले की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. आणि बँकेत नॉमिनी म्हणून एका भावाचं नाव आहे, म्हणून पैसे त्याच्या मालकीचे होत नाहीत. नॉमिनीने पैसे घ्यायचे ते वारसांच्या वतीने.

नाव लपवून प्रमाणपत्र मिळवलं असेल, तर ते रद्द करण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. त्यामुळे राहून गेलेल्या बहिणीने गप्प बसायचं कारण नाही. अर्ज अजून चालू असेल तर ऑफिसात जाऊन नंबर शोधा आणि हरकत दाखल करा. दाखला निघाला असेल तर त्याची नक्कल काढा आणि रद्द करण्यासाठी अर्ज करा. भावांनाही आमची विनंती आहे की सगळ्यांची नावं घाला. बहिणीला स्वखुशीने हिस्सा सोडायचा असेल तर ते ती स्वतः, समजून, कागदावर सांगेल. तिच्या वतीने ते गृहीत धरू नका.

नक्कल: हा कागद घरात हवाच

‘आमच्याकडे निकालाची झेरॉक्स आहे.’ हे वाक्य आम्ही वारंवार ऐकतो. झेरॉक्सवर काम होत नाही. लागते ती कोर्टाच्या शिक्क्याची प्रमाणित नक्कल.

नक्कल विभागात अर्ज द्यायचा, दाव्याचा नंबर आणि कुठला कागद हवा ते लिहायचं, ठरलेली फी भरायची. निकालपत्र आणि हुकूमनामा हे दोन वेगळे कागद असतात, दोन्हींची नक्कल मागा. निकालपत्रात कारणं असतात, हुकूमनाम्यात कुणाला काय मिळालं ते थोडक्यात असतं.

नकलेच्या शेवटी छोट्या अक्षरांत तारखा असतात. अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली. या तारखांचं मोल मोठं आहे. तालुक्याच्या दिवाणी कोर्टाच्या निकालावर जिल्हा कोर्टात अपील करायला ३० दिवस मिळतात. पण नक्कल मिळण्यात जेवढे दिवस गेले, ते यातून वगळले जातात. समजा अर्ज निकालानंतर पाचव्या दिवशी दिला आणि नक्कल तयार व्हायला वीस दिवस लागले, तर ते वीस दिवस मोजले जाणार नाहीत. मात्र नकलेचा अर्जच मुदत संपल्यावर दिला, तर हा फायदा मिळत नाही. म्हणून निकाल लागला की त्याच दिवशी, जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी, नकलेचा अर्ज. अपील करायचं की नाही, ते नंतर ठरवा.

दोन गोष्टी आणखी. निकाल आपल्या बाजूने लागला म्हणून सातबाऱ्यावर नाव आपोआप चढत नाही. नक्कल घेऊन तलाठी कार्यालयात फेरफारासाठी अर्ज द्यावा लागतो. आणि कोर्टात दाखल केलेला मूळ निकाहनामा, खरेदीखत असे अस्सल कागद दावा संपल्यावर, अपिलाची मुदत सरल्यावर अर्ज करून परत घ्या. काही वर्षांनी नियमाप्रमाणे जुन्या फायलींतले कागद नष्ट केले जातात. आजोबांचं खरेदीखत रद्दीत जाऊ देऊ नका.

ऑफिस काय सांगेल, काय नाही

खिडकीवरचा कारकून तुसडेपणाने वागला, काही सांगतच नाही, अशी तक्रार आम्ही ऐकतो. कधी ती खरी असते. पण कधी आपण त्याला जे विचारतो, ते सांगायची त्याला परवानगीच नसते.

पुढची तारीख कोणती, समन्स लागू झालं का, माझा अर्ज कुठवर आला, फी किती, नक्कल कधी मिळेल, रोजनाम्यात काय लिहिलंय, हे हक्काने विचारा. पण ‘मी जिंकेन का’, ‘उत्तरात काय लिहू’, ‘तडजोड करू का’ हे त्याला विचारू नका. तो सल्ला वकिलाचा. कारकुनाने तुम्हाला सल्ला दिला तर उद्या समोरच्यालाही द्यावा लागेल. त्याने दोघांशी सारखं वागायचं असतं आणि त्यातच आपलाही फायदा आहे.

‘साहेबांना सांगून काम करून देतो’ असं कुणी म्हणालं, मग तो ऑफिसातला असो की आवारातला, तर तिथून निघा. फी असेल तर तिची पावती असते. पावती नाही ती फी नाही. लाच मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा नंबर आहे आणि प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे लेखी तक्रार करता येते.

प्रत्येक तारखेला कुणाला विचारत बसायचीही आता गरज नाही. प्रत्येक प्रकरणाला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो एकदा ऑफिसातून किंवा वकिलांकडून लिहून घ्या. ई-कोर्ट्स सर्व्हिसेस हे मोफत ॲप मोबाईलवर घेऊन त्यात तो टाकला, की पुढची तारीख आणि आधीच्या तारखेला काय झालं ते दिसतं. ‘वकील काही सांगतच नाहीत’ ही निम्मी तक्रार इथेच मिटते.

वकील परवडत नसेल तर

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे प्रत्येक स्त्रीला मोफत वकील मागण्याचा हक्क आहे, तिचं उत्पन्न कितीही असो. लहान मुलं, दिव्यांग, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेली माणसं यांनाही तो आहे. इतरांना उत्पन्नाची मर्यादा लागू होते. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समितीचं ऑफिस असतं, तिथे साधा अर्ज द्यायचा. फोनवर माहिती हवी असेल तर १५१०० हा देशभराचा नंबर आहे.

महाराष्ट्रात १९९४ पासून बायकांना पोटगी, मालमत्तेचे वाद, हिंसाचार आणि घटस्फोट यांच्या प्रकरणांत कोर्ट फी माफ आहे. आपल्या प्रकरणाला ही माफी लागते का, हे फी भरण्याआधी विचारा. एकदा भरली की परत मिळवणं सोपं नाही. नवऱ्याने टाकलेली, चार वर्षं ज्याचा पत्ता नाही किंवा दोन वर्षं ज्याने खर्च दिला नाही अशा नवऱ्यापासून १९३९ च्या कायद्याखाली फस्ख मागणारी आपली बहीण पैशाअभावी घरी बसली असेल, तर तिला या दोन गोष्टी आजच सांगा.

घरात एक पिशवी

शेवटी आमचं एक साधं सांगणं. कोर्टाचं प्रकरण चालू असलेल्या प्रत्येक घरात एक वेगळी पिशवी किंवा फाईल असू द्या. तिच्यात समन्स आणि ते मिळाल्याची तारीख, वकीलपत्राची प्रत, भरलेल्या प्रत्येक फीची पावती, सीएनआर क्रमांक, नकला आणि सगळ्या वारसांच्या नावांचे दाखले. आणि ती पिशवी कुठे आहे हे घरातल्या किमान दोघांना माहीत असू द्या, त्यातली एक बाई असावी. कारण बेलिफ बहुतेक दुपारी येतो, आणि दुपारी घरात तीच असते.

पुढच्या वेळी मोहल्ल्यात कुणी ‘नोटीस घेऊ नका’ म्हणालं, तर त्यांना चहा पाजा आणि सांगा, कागद घ्या, तारीख लिहा, वाचा आणि वकिलाकडे जा. खरी बाजू असून हरण्यासारखं दुःख नाही. आणि त्यातली बरीचशी हार दारातच, कागद नाकारताना, होऊन गेलेली असते.